रान माजलेली पडीक जमीन: जेसीबी, आग की जागेवर कुट्टी?

भिवंडी तालुक्यात भाताची खाचरे आणि गोदामे आता बांधाला बांध लावून उभी आहेत. मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे या पट्ट्यात गोदामे आधीच पसरली होती. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर पडघा-आमणे भागातल्या जमिनींकडेही खरेदीदारांचे लक्ष वळले. जमीन विकायची की कसायची हा निर्णय लांबतो आणि दरम्यान वरकस तुकडे वर्षानुवर्षे पडीक राहतात. त्यांवर घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ, उक्षी, कुडा, करवंद यांचे रान माजते. पुढे कधी मोजणी येते, कधी वाटणी होते, कधी आंबा-काजू लावायचे ठरते, आणि "रान साफ करून द्या" म्हणून जेसीबीवाल्याला फोन जातो.

या कामासाठी दुसरा पर्याय आता चर्चेत आहे. त्याचे नाव फॉरेस्ट्री मल्चिंग, म्हणजे झुडपे मुळासकट न उपटता उभ्या जागी त्यांची कुट्टी करून ती जमिनीवरच पसरणे. परदेशात हे काम मोठ्या यंत्रांनी होते. भिवंडीच्या शेतकऱ्याला ते किती उपयोगी आहे, कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही, हे पाहू.

तीन पद्धतींत मातीचे काय होते?

*जेसीबीने खरवडणे.* काम लवकर होते आणि मुळेही निघतात. पण बकेट झुडपाबरोबर माती घेऊन जाते. एक एकरावरून फक्त 10 सें.मी. थर निघाला तर ती सुमारे 405 घनमीटर, म्हणजे 143 ब्रास माती होते. पाच ब्रासचा हायवा धरला तर 28-29 फेऱ्या. वजनात हे 500 टनांहून जास्त भरते. त्या मातीत एक टक्का सेंद्रिय कर्ब असेल तर एकराचा सुमारे पाच टन कर्ब गेला. वरकस जमिनीत खाली लगेच मुरूम लागतो, त्यामुळे हा थर गेला की फळझाडाला उरते ते कातळावरचे खडे. गोदामांच्या भरावासाठी मातीला मागणी असल्याने "साफसफाई फुकट करून देतो, माती आम्ही नेतो" असे सांगणारेही भेटतात. हा व्यवहार शेतकऱ्याला सर्वांत महाग पडतो. शिवाय माती-मुरूम हे गौण खनिज आहे. परवानगी आणि स्वामित्वधनाशिवाय ते बाहेर गेले तर महसूल खात्याची नोटीस जमीनमालकाच्या नावाने येते.

*आग लावणे.* खर्च जवळजवळ शून्य, म्हणून मोह होतो. जळताना झुडपातले बहुतेक नत्र आणि बरेचसे गंधक हवेत जाते. पालाश आणि चुना राखेत उरतात, पण उतारावरची राख जूनच्या पहिल्या दोन-तीन जोराच्या सरींत वाहून जाते. घाणेरी आणि रानमोडी आगीने मरत नाहीत. खोडाच्या बुंध्यातून त्या पुन्हा फुटतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत बीही जोमाने रुजते. फेब्रुवारी ते मे या काळात वाऱ्यावर गेलेली आग शेजारच्या गवताच्या गंजीला, आंब्याच्या बागेला किंवा गोदामाला लागली तर नुकसान आवाक्याबाहेर जाते.

*जागेवर कुट्टी.* माती हलत नाही, मुळे मातीला धरून राहतात आणि वर चिपांचे आच्छादन पडते. दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात उतारावरच्या जमिनीसाठी हा मोठा फायदा आहे. कंदांवरही त्याचा परिणाम कमी होतो. जूनच्या तोंडावर उगवणाऱ्या शेवळांचे कंद जमिनीत असतात. बकेटने ते निघून जातात, कुट्टीत वाचतात. या रानभाजीवर ज्या कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबांना हंगामात चार पैसे मिळतात, त्यांच्या दृष्टीने हा फरक छोटा नाही.

मात्र कुट्टीने मुळे मरत नाहीत. एकदा यंत्र फिरवून रान कायमचे गेले, असा समज करून घेऊ नये.

यंत्र कोणते?

खऱ्या फॉरेस्ट्री मल्चरमध्ये आडव्या ड्रमवर कठीण धातूचे दात असतात. ते वेगाने फिरून खोड चिरडतात. हा जोड पोकलेनला, स्किड स्टिअरला किंवा मोठ्या ट्रॅक्टरला लावतात. त्याला साधारण 100 अश्वशक्तीच्या आसपास किंवा जास्त ताकद लागते. आपल्या दोन-चार एकरांच्या तुकड्यासाठी असे यंत्र विकत घेणे परवडणारे नाही. भाड्याने मिळाले तरी वाहतुकीचा खर्च निघण्यासाठी लागोपाठच्या आठ-दहा शेतकऱ्यांनी एकत्र काम द्यायला हवे.

लहान रानासाठी पुढील जोडणी पुरेशी ठरते:

- मनगटाएवढ्या खोडापर्यंत: कोयता-कुऱ्हाड किंवा गोल पाते लावलेला ब्रश कटर. तोडलेल्या फांद्या ट्रॅक्टरवर चालणाऱ्या श्रेडरमध्ये घालून चिपा करणे.
- बोटाएवढी झुडपे, गवत, रानमोडी: 45-50 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवरचा मल्चर किंवा रोटरी स्लॅशर. उसाच्या पाचटाची कुट्टी करणारा मल्चर जाड खोडावर घालू नये. पाती तुटतात, गिअरबॉक्स जातो.
- जाड सुबाभूळ, जुनी दाट घाणेरी आणि सलग मोठे क्षेत्र: तेव्हाच मोठा मल्चर.

कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत अनुदान असते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. त्या वर्षीच्या यादीत श्रेडर, मल्चर, ब्रश कटर यांपैकी काय आहे ते कृषी सहायकाकडून आधी पाहून घ्यावे. पूर्वसंमती येण्याआधी यंत्र खरेदी करू नये.

यंत्र बोलावण्याआधी सातबारा

ठाणे जिल्ह्यात रान साफ करण्याचा प्रश्न निम्मा शेतीचा आणि निम्मा कागदाचा आहे. मल्चर झाड आणि झुडूप यांत फरक करत नाही, आणि चिपा झालेले झाड पुन्हा दाखवता येत नाही. म्हणून पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

1. *खाजगी वन नोंद.* महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमानुसार 30 ऑगस्ट 1975 रोजी खाजगी वने शासनाकडे निहित झाली. जिल्ह्यातल्या अनेक सातबाऱ्यांवर "राखीव वन", "खाजगी वन" किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35 चा शेरा आहे. केवळ जुन्या नोटिशीच्या आधारे जमीन खाजगी वन ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2014 रोजी गोदरेज अँड बॉईस प्रकरणात दिला. पण त्याने तुमच्या सातबाऱ्यावरचा शेरा आपोआप उठत नाही. शेरा असेपर्यंत यंत्र लावू नये.

2. *अनुसूचित झाडे.* महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, बिबळा, हेद, तिवस, अंजन, हिरडा, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, चंदन आणि खारफुटी आहेत. मालकीच्या जमिनीवरही ही झाडे तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ अनुसूचीत नाहीत. मात्र दाट रानात सागाची आणि खैराची पोरे लपलेली असतात, ती आधी शोधावी लागतात.

3. *आदिवासी खातेदार.* अनुसूचित जमातीच्या खातेदाराच्या जमिनीवरील झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे. व्यापाऱ्याशी परस्पर व्यवहार करू नये. वनहक्क दाव्यातील प्लॉटवर ग्रामसभा आणि वन खाते यांना विचारूनच काम करावे.

4. *खाडीकाठ.* काल्हेर, कशेळी, खारबाव भागात खाजण जमिनीवरची खारफुटी हे "रान" नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 आणि 2018 च्या आदेशांनी खारफुटी आणि तिच्या भोवतालच्या 50 मीटर पट्ट्याला संरक्षण आहे. तिथे कोणतेही यंत्र नको.

5. *वहिवाट.* हद्दीचे दगड, कुळाची वहिवाट, पायवाट, जुनी विहीर यांची पंचांसमक्ष पाहणी करून फोटो काढून ठेवावेत. झुडपे गेली की हद्दीचे वाद वर येतात.

कधी आणि कसे करावे?

भातकापणीनंतर जमीन वाफशाला येऊन कडक झाली, की डिसेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. ओल्या जमिनीवर जड यंत्र फिरले तर जमीन घट्ट दाबली जाते आणि चाकांच्या चाकोऱ्यांतून पावसाळ्यात ओघळ पडतात. पावसाळ्यात यंत्र नको.

- राखायची झाडे चुन्याने रंगवावीत. त्यांच्या बुंध्यापासून किमान दोन मीटर जागा यंत्राऐवजी हाताने साफ करावी.
- दगडी बांध, तारा, लोखंडी खुंट, उघड्या विहिरी यांना खुणा कराव्यात. दाताखाली आलेला काळा दगड गोळीसारखा उडतो. काम चालू असताना 100 मीटरच्या आत माणूस, गुरे नसावीत.
- घोणस, फुरसे, मण्यार, नाग अशा रानातच असतात. यंत्र चारी बाजूंनी आत न आणता एका बाजूने दुसरीकडे न्यावे, म्हणजे प्राण्यांना बाहेर पडायला वाट राहते. मजुरांना गमबूट द्यावेत.
- उताराला आडवे चालावे. तीव्र उतारावर सगळे एकदम साफ न करता मधे दोन-तीन मीटरचे पट्टे राखावेत आणि ते पुढच्या वर्षी घ्यावेत.
- चिपांचा थर 5 ते 7 सें.मी. पेक्षा जाड ठेवू नये. 5 सें.मी. थर म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे पाच घनमीटर चिपा. जास्तीच्या चिपा फळझाडांच्या आळ्यांसाठी वापराव्यात.
- घर, गोठा, गोदाम आणि रस्त्याच्या कडेने चार-पाच मीटर पट्टा चिपांशिवाय स्वच्छ ठेवावा. चिपांना लागलेली आग ज्वाळेविना आतून धुमसत राहते आणि लवकर दिसत नाही.

पुढची तीन वर्षे

खरा खर्च इथे असतो. कुट्टीनंतर पहिल्या पावसात घाणेरी आणि सुबाभूळ जोमाने फुटतात. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांनी मांडलेली पद्धत उपयोगी आहे: मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार सें.मी. वर, म्हणजे फुटवे येण्याच्या जागेच्या खाली, कुदळीने तोडून खुंट उलटा ठेवायचा. पावसाळ्यात माती मऊ असताना दोन मजूर हे काम सहज करतात. रोपे फुलावर येण्याआधी उपटावीत. फुटव्यांवर ग्लायफोसेट मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार त्याचा वापर अधिकृत कीड नियंत्रण चालकांमार्फतच करता येतो, हे लक्षात ठेवावे.

चिपा रोटाव्हेटरने मातीत मिसळू नयेत. लाकडात कर्ब खूप आणि नत्र फार कमी असते. मातीत मिसळल्यावर जिवाणू ते कुजवण्यासाठी मातीतले नत्र ओढतात आणि पीक पिवळे पडते. वर पसरलेल्या चिपांनी हा त्रास फक्त वरच्या पातळ थरापुरता राहतो. त्यामुळे साफ केलेल्या तुकड्यात पहिल्याच वर्षी नाचणी, वरी पेरण्याऐवजी खड्डे खोदून आंबा, काजू, बांबू लावणे किंवा गवत राखणे सोयीचे. रोपाच्या खोडापासून वीतभर जागा चिपांविना ठेवावी आणि वाळवीवर लक्ष ठेवावे. नारळाजवळ चिपांचे ढीग कुजत ठेवू नयेत, त्यात गेंडा भुंगा वाढतो.

राबासाठी लागणारा पालापाचोळा कुठून आणायचा, असा प्रश्न शेतकरी विचारतात. चारसूत्री भात लागवडीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख आणि चिखलणीत हेक्टरी तीन टन गिरिपुष्पाचा पाला वापरतात. रान काढलेल्या जागेच्या बांधावर गिरिपुष्पाच्या काड्या लावल्या तर पुढे दोन्ही गरजा तिथेच भागतात.

हिशेब कसा मांडावा?

तासाचा दर विचारून निर्णय घेऊ नये. प्रत्येक पद्धतीसाठी तीन वर्षांचा एकरी खर्च लिहावा: यंत्र, वाहतूक, हाताने राखणी, फुटवे काढणे. जेसीबीच्या बाजूला गेलेल्या मातीच्या जागी शेणखत आणि माती आणण्याचा खर्च धरावा. यंत्रवाल्याकडून आधी दोन गुंठ्यांवर काम करून घ्यावे, लागलेला वेळ मोजावा आणि त्यावरून एकराचा दर ठरवावा. माती बाहेर जाणार नाही, हे कागदावर लिहून घ्यावे.

गोदामासाठी जमीन जाणार हे नक्की ठरले असेल, तर कुट्टीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. भाताच्या सपाट खाचरात माजलेल्या रानासाठीही मूळ काढून नांगरणे योग्य, कारण खुंट चिखलणीला आडवे येतात. कुट्टीची खरी जागा म्हणजे उताराची वरकस जमीन, जिथे पुढे फळबाग किंवा गवत ठेवायचे आहे.

कृषी सहायकांनी गावात दोन गुंठ्यांचे तीन तुकडे, एक खरवडलेला, एक हाताने तोडून साफ केलेला, एक कुट्टी केलेला, शेजारी शेजारी ठेवून पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांना दाखवावेत. साफ केलेल्या जमिनीवर लागवड झाली की ई-पीक पाहणीत ती नोंदवून घ्यावी. नाहीतर सातबाऱ्यावर "पड" कायम राहते, आणि भूसंपादन किंवा विक्रीच्या वेळी लावलेल्या झाडांचा पुरावा हातात राहत नाही.