बर्फाला कॅमेरा, आम्हाला गेटपास

जेम्स बॅलॉग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं २००७ साली ग्रीनलंड, आइसलंड, अलास्कातल्या हिमनद्यांसमोर कॅमेरे ठोकून ठेवले. वादळ असो, काही असो, कॅमेरा तिथंच. उजेड आहे तोवर ठराविक वेळानं फोटो. वर्षानुवर्षं. २८ मे २००८ला त्याच्या पोरांनी इलुलिसातची हिमनदी ७५ मिनिटं तुटताना टिपली. 'चेसिंग आइस' या २०१२च्या सिनेमात ते आहे. मी मोबाइलवर बघितलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

पण दोस्तांनो, बर्फ मरताना दिसतो. माणूस उन्हानं मरतो ते दिसत नाही.

मी गोदीत पोती उचलतो. मॅट्रिक झालोय, कविता करतो. त्यानं पोतं हलकं होत नाही. मे महिन्यात जहाजाच्या पोटात, फाळक्यात उतरलं की लोखंड चटके देतं. वर दर्याची दमट हवा. घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होणार कसं? मागच्या उन्हाळ्यात आमच्या टोळीतला एकजण तिथंच बसला, काहीबाही बडबडायला लागला, आडवा झाला. परत उठला नाय. कागदावर आलं : हृदयविकार. ऊन नाही, फाळका नाही, किती वाजले होते तेही नाही. फोटो? गोदीत फोटोला बंदी. मोबाइल गेटवर जमा.

आता पेपरातलं ऊन बघा. समुद्रात सूर मारणारी पोरं, बर्फाचा गोळा, स्कार्फ गुंडाळलेली कॉलेजकुमारी. च्यायला, ऊन आहे की पिकनिक? १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानात सरकारी पुरस्कारसोहळ्याला बसलेली १४ माणसं उष्माघातानं गेली. आठवून बघा, डोळ्यापुढं त्यातला एक तरी चेहरा येतो का?

पुराचं थोडं बरं. गिडिअन मेंडेल २००७पासून देशोदेशीच्या पूरग्रस्तांना त्यांच्याच बुडालेल्या घरात उभं करून फोटो काढतो. ती माणसं सरळ भिंगात बघतात, दया मागत नाहीत. हे मला पटतं. तरी कॅमेरा त्याचा, घर त्यांचं. आणि आपल्याकडं पाणी ओसरलं की कॅमेरे परत जातात. मग गाळात, गटारात कोण उतरतं? त्याची जात विचारा.

म्हणून बॅलॉगची युक्ती चोरा. जागा तीच, वेळ तीच. आपल्या पत्र्याच्या खोलीत खिळ्याला थर्मामीटर टांगा, शेजारी भिंतीवर खडूनं तारीख लिहा, रोज रात्री ११ला फोटो काढा. आत जागं असलेलं माणूसही येऊ द्या, पण त्याला विचारून. कलाबिला करू नका. काळा-पांढरा करून दुःख सजवू नका. आकडा वाचता आला पाहिजे, बास. शंभर खोल्यांचे असे शंभर दिवस जमले की ते घेऊन आपण कचेरीत जाऊ.

मी सुरुवात केलीय. काल रात्री ११ला पारा ३५वर होता. आई पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली. विचारलं, "काढू का गं?"

म्हणाली, "काढ. थांब, पदर नीट करू दे."