कधीतरीचे रोजचे होते

“गांजा म्हणजे काय दारू आहे? झाडपालाच तो!” कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी हे वाक्य ऐकू येते. ही समजूत कुठवर नेते, ते अमेरिकेत दिसते.

तिथल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १९९२ मध्ये रोज किंवा जवळजवळ रोज गांजा घेणारे दहा लाखांहून कमी होते. २०२२ मध्ये ते १ कोटी ७७ लाख झाले. तितक्याच वेळा दारू पिणारे होते १ कोटी ४७ लाख. म्हणजे रोजच्या नशेत गांजाने दारूला मागे टाकले.

मालही तोच राहिला नाही. नशा आणणाऱ्या ‘टीएचसी’ या घटकाचे प्रमाण तिथे जप्त झालेल्या गांजात १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, २०२१ मध्ये सुमारे १५ टक्के. असा कडक गांजा कोवळ्या वयात रोज घेतला तर स्मरणशक्ती आणि अभ्यासावर परिणाम होतो. काहींना भास होतात, विनाकारण संशय येऊ लागतो.

नशा हराम आहे, हे आपल्या घरांत मुलांना लहानपणीच कळते. अक्कल झाकणारी वस्तू झाडाची असली म्हणून हलाल होत नाही, हेही समजवा. पण मुलगा अडकलाच, तर ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने गप्प बसू नका. आधी त्याचे ऐकून घ्या, मग डॉक्टरांकडे न्या. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

तौबेचा दरवाजा उघडा आहे. घराचाही उघडा ठेवा.