गेटच्या बाहेरचा अभ्यासक्रम

‘इंजिनिअरिंगनंतर काय?’ या प्रश्नाची आपल्या होस्टेलवर ठरलेली उत्तरं आहेत. जीआरई, गेट, कॅट, एमपीएससी आणि यातलं काहीच नाही जमलं तर कॅम्पसला जी कंपनी घेईल ती! या यादीत मला आणखी एक नाव घालायचं आहे : अर्बन डिझाईन. हे नाव काढलं की तीन प्रतिक्रिया हमखास येतात. ‘ते आर्किटेक्टचं काम ना?’, ‘पॅकेज किती?’ आणि ‘त्यासाठी बाहेर जावं लागेल ना, बार्सिलोना वगैरे?’ तिन्हींची उत्तरं देते. पण आधी हा विषय आहे तरी काय ते बघू. त्यासाठी बार्सिलोना नको, चाकण पुरे.

इंडस्ट्रियल व्हिजिट आपण सगळ्यांनीच केली आहे. कंपनीच्या गेटमधून आत गेल्यावर पहिली सूचना काय असते? ‘पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाला.’ शॉप फ्लोअरवर माणसाची वाट वेगळी, फोर्कलिफ्टची वेगळी. वळणावर आरसा, ओलांडायच्या जागी झेब्रा. चालणाऱ्या माणसाला धक्का लागू नये म्हणून केवढा विचार! आता तोच माणूस दुसरी पाळी संपवून रात्री गेटबाहेर पडतो. पिवळी पट्टी गेटपाशीच संपलेली असते. पुढे कंटेनरची रांग, कडेला माती, एक दिवा चालू तर दोन बंद. फुटपाथ शोधूनही सापडत नाही. आत ‘सेफ्टी फर्स्ट’ होतं, बाहेर ‘बघून चाल रे बाबा’ झालं!

असं का होतं? लोक वाईट आहेत म्हणून नाही. आतली जागा एकाच्या ताब्यात आहे, बाहेरची पाच जणांच्या. आतला रस्ता एमआयडीसीचा, मोठा रस्ता महामार्गवाल्यांचा, शेजारची वस्ती ग्रामपंचायतीची, चाकण गाव नगरपरिषदेचं आणि सगळ्यावर पीएमआरडीए. प्रत्येक जण आपापल्या रेषेपर्यंत बरोबर असतो. माणसाला मात्र नेमकं त्या रेषांच्या मधून चालावं लागतं.

आणि गंमत म्हणजे आपला अभ्यासक्रमही अगदी तसाच आहे. स्ट्रक्चर्सचा पेपर इमारत शिकवतो, ट्रान्सपोर्टेशनचा पेपर रस्ता. वाहतूक मोजताना मोटार म्हणजे १, ट्रक म्हणजे ३, सायकल म्हणजे अर्धा, हे पीसीयूचं कोष्टक आपल्याला झोपेतही पाठ असतं. पायी चालणाऱ्या माणसाची त्यात ओळच नाही. आता, पादचाऱ्यांसाठी वेगळा आयआरसी कोड आहे, १०३ नंबरचा. फुटपाथवर निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं तो सांगतो. पण ही १.८ मीटर कुणाच्या जागेतून काढायची, हा प्रश्न कुठल्याच पेपरमध्ये येत नाही.

दोन इमारतींच्या मधल्या या जागेचा विचार म्हणजे अर्बन डिझाईन. नगररचना, म्हणजे प्लॅनिंग, हे ठरवते की कुठे कारखाने, कुठे घरं, एफएसआय किती, शाळेचं आरक्षण कुठे. आर्किटेक्चर एका प्लॉटवरची इमारत बघतं. मधलं जे उरतं, म्हणजे रस्त्याची रुंदी आणि इमारतींची उंची यांचं नातं, भिंत कुठे संपते, दुकानाचं दार कुठे उघडतं, सावली कुठे पडते, बस थांबल्यावर माणूस कुठे उभा राहतो, ते या विषयात येतं. १९५६ मध्ये हार्वर्डमध्ये जोसेप सर्ट यांनी यावर परिषद भरवली आणि १९६० मध्ये तिथे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्या मानाने विषय तरुण आहे.

पण माझं म्हणणं असं की या विषयाचं खरं पाठ्यपुस्तक आपल्या होस्टेलच्या दारातच उघडं पडलंय. पिंपरी ते चाकण, तीन धडे.

पहिला धडा पिंपरीचा. १९५४ मध्ये इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. कारखान्याबरोबर कॉलनीही आली. घरं, झाडं, शाळा, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. कारखाना आणि घर यांचा विचार एकाच टेबलावर झाला. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा नांगराचा कारखाना आणि गाव दोन्ही बरोबरच उभं राहिलं होतं. अशा कॉलनीत मालकाचा शब्द अखेरचा असतो, हा तिचा दोष मान्य. पण कामगार रात्री कुठे झोपणार, हा प्रश्न निदान कुणीतरी विचारला होता.

दुसरा धडा निगडीचा. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, मोठमोठे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, ते औद्योगिक कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून. आता कारखाना एका संस्थेकडे आणि घर दुसऱ्या. प्राधिकरणाच्या सेक्टरमधून फिरून बघा, रस्ते रुंद, झाडं दाट, बागा छान. भेळ चौकात संध्याकाळी उभं राहिलात तर चांगला चौक म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळतं. पण शहर प्राधिकरणाच्या नकाशापेक्षा कितीतरी वेगाने वाढलं. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडमध्ये दहा लाख लोक होते, २०११ मध्ये सव्वासतरा लाख! सेक्टरमधला प्लॉट ज्यांना परवडला नाही त्यांनी काळेवाडी, थेरगाव, चिखलीकडे अर्धा-अर्धा गुंठा घेतला. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. अर्ध्या गुंठ्यात साडेपाचशेही नाही. त्यात घर बांधायचं तर पुढे-मागे जागा सोडणार कुठून? घराला घर चिकटलं, गल्ली दहा फुटांची राहिली. मग त्याच घरांना ‘अनधिकृत’ म्हटलं गेलं, त्यांच्यावर शास्तीकर लागला आणि वर्षानुवर्षांच्या आंदोलनांनंतर २०२३ मध्ये तो माफ झाला. २०१७ मध्ये तर नकाशावरच्या रिंगरोडसाठी घरं पाडू नयेत म्हणून लोक रस्त्यावर उतरले. नकाशात रस्ता होता, जमिनीवर घर होतं. दोघंही आपापल्या जागी खरे. दुसरीकडे, ज्यांच्या जमिनी प्राधिकरणाने घेतल्या ते शेतकरी साडेबारा टक्के परताव्यासाठी दशकानुदशकं खेटे घालत राहिले. शेवटी २०२१ मध्ये प्राधिकरणच महापालिका आणि पीएमआरडीए यांच्यात विलीन झालं.

तिसरा धडा चाकणचा. चाकण काही काल जन्मलेलं नाही. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग दोन महिन्यांच्या आसपास शाहिस्तेखानाशी झुंजवला, ते हे गाव. कांद्याची मोठी बाजारपेठ. तिथे १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. कारखान्यांचे प्लॉट आखीव, आत पिवळे पट्टे. पण या वेळी घराचं टेबल मांडलंच गेलं नाही. कामगार राहणार कुठे? उत्तर आजूबाजूच्या गावांनी दिलं. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी इथल्या शेतकऱ्यांनी उरलेल्या जमिनीवर खोल्या बांधल्या. दहा बाय दहाची खोली, आत मराठवाड्यातले, विदर्भातले, बिहारमधले चार-पाच जण, पाळीप्रमाणे उठणारे आणि झोपणारे. त्यातले कितीतरी आयटीआय झालेले, आपल्याच वयाचे. शेतकऱ्याला नावं ठेवू नका. तो नसता तर हा पट्टा एक पाळीसुद्धा चालला नसता.

तिन्ही धडे एकापुढे एक ठेवले तर? पहिल्यात कारखाना आणि घर दोन्हींचा आराखडा, दुसऱ्यात दोन्हींचे पण वेगवेगळे, तिसऱ्यात फक्त कारखान्याचा. म्हणजे यंत्रं दर पिढीला सुधारत गेली आणि गावाचा विचार दर पिढीला एकेक पायरी खाली उतरला. चाकणच्या आसपासची गावं ज्या पीएमआरडीएच्या हद्दीत येतात, तिचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये रद्द झाला. त्या काळात काय खोल्या बांधायच्या थांबल्या होत्या?

काही करता येत नाही असंही नाही. नगररचनेचा देशातला पहिला कायदा आपल्याच मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये झाला. त्यातली ‘टीपी स्कीम’ची युक्ती साधी आहे : सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि प्रत्येकाला थोडा लहान पण सरळ, रस्त्याला लागून असलेला प्लॉट परत द्यायचा. हडपसरला शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा उभारला, तो याच्याच जवळचा विचार. फरक एवढाच की तिथे राहायला आले आयटीवाले. म्हाळुंग्यात येणार आहे कंत्राटी कामगार. त्याला परवडेल अशी गल्ली, अशी खोली, असा चौक कसा असावा, याचं गणित अजून कुणीतरी मांडायचं आहे. अभ्यास करायचा तो यासाठी!

आता त्या तीन प्रतिक्रियांकडे वळू.

‘आर्किटेक्टचं काम ना?’ नियम बघितले तर बऱ्याच अंशी हो. अर्बन डिझाईनच्या मास्टर्सला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बी. आर्क. लागतं. इंजिनिअरला दार उघडं आहे ते प्लॅनिंगचं : दिल्लीचं एसपीए, खरगपूरची आयआयटी आणि जवळचं म्हणजे आपलं सीओईपी. पण इतिहास वेगळंच सांगतो. ज्या बार्सिलोनाचे फोटो आपण वॉलपेपर म्हणून लावतो, त्या शहराचा १८५९ चा विस्तार आखला इल्देफोन्स सेर्दा यांनी. ते सिव्हिल इंजिनिअर होते! कोपरे कापलेले चौक ही त्यांचीच कल्पना. आणि नवी मुंबईचा प्रस्ताव १९६५ मध्ये मांडणाऱ्या तिघांत चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे आर्किटेक्ट होते, तिसरे शिरीष पटेल सिव्हिल इंजिनिअर. मुंबईचा केम्प्स कॉर्नरचा फ्लायओव्हर त्यांनीच डिझाईन केला होता. ज्याने पूल बांधला त्यालाच पुढे प्रश्न पडला की या पुलावरून माणसं जाणार कुठे? हा प्रश्न इंजिनिअरलाच पडायला हवा. तेव्हा संस्थांनी एखादं ब्रिज सेमिस्टर ठेवावं, चित्रकला शिकवावी, हवी तर परीक्षा घ्यावी, पण दार बंद ठेवू नये.

‘पॅकेज किती?’ हिंजवडीइतकं सुरुवातीला बहुधा नाहीच, खोटं कशाला सांगू? पण एक गोष्ट लक्षात घ्या. एमपीएससीची सहायक नगररचनाकाराची परीक्षा सिव्हिलच्या पदवीवर देता येते. म्हणजे शहराचा एकही पेपर नीट न शिकता आपल्यातलाच कुणीतरी उद्या एखाद्या गावाच्या नकाशावर आरक्षणाचा रंग भरणार आहे. खुर्ची आपल्यासाठी आहेच. तिच्यावर अभ्यास करून बसायचं की न करता, एवढंच ठरवायचंय.

‘बाहेर जावं लागेल ना?’ जा की, जरूर जा. पण आधी इथलं वाचा. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ १९१४ मध्ये भारतात आले. गावोगावच्या गल्ल्यांतून पायी हिंडायचं आणि मगच आराखड्याबद्दल बोलायचं, ही त्यांची रीत. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि मालवणचे गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी. आजही पायी हिंडायला पर्याय नाही. आणि हिंडायचं तर भाषा हवी. मी कॉन्व्हेंटमधली. ‘सेटबॅक’ आणि ‘झोनिंग’ मला पुस्तकातून मिळाले. पण गावठाण, सातबारा, गुंठेवारी, पोटखराबा, शिवरस्ता हे शब्द गावात बसल्यावरच मिळतात. २०२५ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या सुधारित विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा लोकांनी भरभरून हरकती घेतल्या. त्या हरकतींची भाषा ज्याला कळत नाही, त्याने सुंदर चौक काढला तरी तो चौक कुणाच्या तरी ओसरीवरच येणार.

शेवटी आपल्या कॉलेजकडे एक मागणं. निगडी, आकुर्डी, तळेगाव, आळंदी, एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं या पट्ट्यात आहेत. एकाने तरी असा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढावा, ज्याचा स्टुडिओ म्हणजे हा पट्टाच असेल. ते होईल तेव्हा होईल. तोवर सर, मॅडम, फायनल इयरला एक तरी प्रोजेक्ट असा मंजूर करा : एका कंपनीचं गेट ते एका कामगाराची खोली, एवढंच अंतर. दिवे मोजा, फुटपाथ मोजा, रस्ता किती ठिकाणी ओलांडावा लागतो ते मोजा, कुठला तुकडा कुणाच्या ताब्यात ते लिहा आणि दुरुस्तीचा नकाशा काढा. फ्लाय ॲशचं काँक्रीट दरवर्षी होतंच आहे, त्याची स्ट्रेंग्थही दरवर्षी तेवढीच येते!

मित्रांनो, हा रिपोर्ट कपाटात ठेवण्यासाठी नको. तो ग्रामपंचायतीत, एमआयडीसीच्या कार्यालयात आणि त्या कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरच्या टेबलावर गेला पाहिजे. पिवळा रंग तर त्यांच्याकडे आहेच. तो गेटच्या बाहेर कुठवर न्यायचा, हे सांगणारं कुणीतरी हवं. बघा, पटतंय का!