मनाच्या उपचाराचा हक्क मागा!

ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेलच्या उशाला विमानतळाचे उद्घाटन झाले. विकासाचे ढोल वाजले. परंतु त्याच पनवेलच्या नाक्यावर सकाळी कामाची वाट पाहत उभा राहणारा मजूर, तळोज्यातील कंत्राटी कामगार किंवा वाडीवरचा कातकरी आतून खचला, तर त्याने कुठे जायचे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यातील २२ हजार ७४६ महाराष्ट्रातील. सर्व राज्यांत सर्वाधिक! देशातील या मृतांमध्ये चारातील एकाहून अधिक जण रोजंदारीवर जगणारे होते. हे रोजंदार कोण, हे आमच्या वस्त्यांना सांगायला नको. पण छापील अहवालात शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न यांचे तक्ते असतात; जातीचा तक्ता नसतो. आत्महत्येमागे एकच कारण नसते हे खरे. परंतु अपमान आणि भेदभाव ही कारणे मोजायचीच नाहीत, हा कुठला न्याय? रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांना याच प्रश्नासाठी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

कायदा नाही असे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने प्रत्येकाला सरकारी मानसिक उपचाराचा हक्क दिला आहे, तोही जातीवरून भेदभाव न होता. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, आणि बेघराला हा उपचार मोफत आहे. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे मानायचे असते. त्याला शिक्षा नव्हे, तर उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. कलम २९ प्रमाणे आत्महत्या रोखण्याचे कार्यक्रम राबवणेही सरकारवरच बंधनकारक आहे. मग वस्तीतील किती जणांना हे माहीत आहे? आजही घरचे लोक पोलिसांच्या भीतीने दवाखान्याऐवजी भगताकडे धावतात.

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. रायगड जिल्ह्यातील ती पहिलीच. तिच्या प्रत्येक दवाखान्यावर मानसोपचाराचा वार, वेळ आणि मोफत औषधांची माहिती मराठीत लावली गेली पाहिजे. औषध संपले म्हणून रुग्णाला ठाण्याचा रस्ता दाखवू नये. एका फेरीत मजुराची दिवसाची मजुरी बुडते. आशा सेविकांना प्रशिक्षण द्या. महाविद्यालयांत भेदभावाच्या तक्रारीची खरी चौकशी होऊ द्या. हे उपकार नव्हेत, कायद्याने दिलेले हक्क आहेत.

याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. हक्क बजावल्याशिवाय मिळत नाही, हा त्या दिवसाचा धडा. म्हणून प्रत्येक बुद्धविहारात या कायद्याचे वाचन झाले पाहिजे. दुःख आहे आणि त्याला कारण आहे, हे तथागतांनी सांगितले. दुःख लपवा असे सांगितले नाही. खचलेल्या भावाला ‘मन घट्ट कर’ म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका, त्याला एकटे सोडू नका, दवाखान्यात सोबत जा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, तो विहाराच्या फलकावर लिहा.

चळवळीने माणसाला ताठ मानेने जगायला शिकवले. ते जगणे सांभाळणे हेही चळवळीचेच काम आहे.