कायद्याचं पुस्तक बायकांच्या हातात कधी येणार?

नाशिक जिल्ह्याने देशाला कोण दिलं, असं विचारलं की भगूरचे सावरकर, त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके ही नावं पटकन तोंडावर येतात. कॉर्नेलिया सोराबजी हे नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. देशातल्या पहिल्या महिला वकील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाई १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकलाच जन्मल्या.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातली ही पहिली विद्यार्थिनी. परीक्षेत पहिली आली, पण बाई म्हणून विलायतेची शिष्यवृत्ती नाकारली गेली. हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या. तिथल्या ऑल सोल्स कॉलेजच्या ग्रंथालयात बाईला प्रवेश नव्हता. १८९० मध्ये त्यांना खास परवानगी मिळाली आणि कायद्याच्या त्या ग्रंथांपुढे पहिल्यांदा एक बाई बसली, तीही आपल्या नाशिकची! १८९२ मध्ये त्या कायद्याची परीक्षा उतरल्या. पदवी हातात पडायला मात्र १९२२ साल उजाडलं.

इकडे बाईला वकिलीची दारं कायद्याने उघडली ती १९२३ मध्ये. पण कॉर्नेलियाबाई तोवर हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्या पडद्यातल्या बायकांच्या कायदेविषयक सल्लागार होत्या. पालखीतून, होडीतून जाऊन त्यांनी जमीनदारांच्या विधवांना त्यांच्या इस्टेटीचे कागद समजावून सांगितले. त्या इंग्रज राजवटीच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. ते आपल्याला पटणार नाही. पण कायदा बाईच्या उंबरठ्यापर्यंत कुणीतरी नेऊन द्यावा लागतो, हे त्यांना कळलं होतं.

आता तर पडदा गेला, असं आपण म्हणतो. खरंच गेला का? एकलहरे परिसरात काम करताना बायका कागद घेऊन येतात. एक बारावी शिकलेली बहीण आली. ‘वारस नोंदीची सही आहे’ असं सांगून भावाने तिला निबंधक कार्यालयात नेलं होतं. निघालं ते हक्कसोड पत्र! नोंदणी झालेला कागद फिरवायचा म्हणजे दिवाणी कोर्टाची पायरी आली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय, हे तिने ऐकलेलं होतं. पण हक्क कसा जातो, ते कुणी सांगितलंच नव्हतं.

हक्क सोडायचा की ठेवायचा, हा ज्या त्या बाईचा प्रश्न. माहेर तुटू नये म्हणून कुणी सोडेलही. पण काय सोडतोय हे कळून तरी सोडावं ना!

म्हणून माझं म्हणणं आहे, की गावोगावच्या वाचनालयांत कायद्याचं एक कपाट हवं. वाचनालयांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. राज्याचा ग्रंथालय कायदाही १९६७ पासून आहे. कादंबऱ्या आणि पाककृतींच्या पुस्तकांशेजारी वारसाहक्क, पोटगी आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची सोप्या मराठीतली पुस्तकं ठेवायला काय हरकत आहे? हक्कसोड पत्र, मृत्युपत्र, बक्षीसपत्र यांचे नमुनेही ठेवावेत.

‘वाचणार कोण? वकील कशाला आहेत?’ असं कुणी म्हणेल. वकिलाकडे बाई जाते ती भांडण पेटल्यावर. सहीच्या आधी जायला तिला जागा कुठे आहे? अमेरिकेत अनेक ठिकाणी सामान्य माणसासाठी कायद्याची सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. वकिलीचं शिक्षण घेऊन ग्रंथपाल झालेली माणसंही तिथे भेटतात. ती खटला लढवत नाहीत, नेमकं पान उघडून देतात. आपल्याकडे कायद्याची पदवी घेऊन संसारात रमलेल्या मुली थोड्या आहेत का? आठवड्यातून एक दुपार त्यांनी वाचनालयात बसावं. प्रश्न मोठा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची वाट दाखवावी. १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिथे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

मैत्रिणींनो, बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. वाचनालयाच्या कार्यकारिणीला अर्ज द्या. आणि तोवर, कागद कुणीही पुढे केला, अगदी सख्ख्या भावाने केला, तरी ‘घरी नेऊन वाचते, मग सही करते’ एवढं म्हणायला शिका.