आधी उत्तर, मग प्रयोग

एका स्वायत्त महाविद्यालयाचं पत्रक या आठवड्यात हाती आलं. २०२३-२४मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाखाली बी.एस्सी.ला आलेली पहिली तुकडी यंदा चौथ्या वर्षात जाते आहे, तिच्यासाठीचं. भौतिकशास्त्रापुढे ठळक अक्षरांत ‘ऑनर्स विथ रिसर्च’. खाली शुल्क, इमारतीचा फोटो, प्लेसमेंट सेलचा नंबर. मार्गदर्शक कोण, विभागात सध्या कशावर काम चालू आहे, याबद्दल एक ओळ नाही. संशोधन आहे, विषयाचा तेवढा पत्ता नाही.

नियम थोडक्यात. यूजीसीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यालाच ही वाट खुली. चार वर्षांच्या १६० श्रेयांकांपैकी १२ संशोधन प्रकल्पाचे. आणि विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक हवेत. ही शेवटची अट वाचून वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची चांगलीच करमणूक झाली असेल.

अशा वेळी आपल्याकडे तुलना आयआयटीशी किंवा थेट अमेरिकेशी करतात आणि मग निधीच्या नावानं उसासे टाकून मोकळे होतात. त्यापेक्षा १९०९चं मँचेस्टर बघावं. अर्नेस्ट मार्सडेन वीस वर्षांचा होता, पदवी अजून व्हायची होती. विभागाचे प्रमुख अर्नेस्ट रुदरफर्ड, आदल्याच वर्षी नोबेल मिळालेले. त्यांचा जर्मन सहकारी हान्स गायगर विभागातल्या मुलांना किरणोत्साराच्या प्रयोगांचे हातखंडे शिकवत असे. मार्सडेनला एखादं छोटं संशोधन द्यावं, हे त्यानंच सुचवलं. रुदरफर्डनी काम दिलं ते असं: अल्फा कण धातूच्या पत्र्यावर आदळून मोठ्या कोनातून वळतात का, बघ. वळतील असं खुद्द रुदरफर्डना वाटत नव्हतं.

कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की बारीकशी चमक उठते. अंधाऱ्या खोलीत बसून ती सूक्ष्मदर्शकातून बघायची आणि मोजायची. कंटाळवाणं, डोळे शिणवणारं काम. मार्सडेननं ते केलं, आणि कण चक्क मागे फिरलेले निघाले. प्लॅटिनमवरून आठ हजारांत साधारण एक. गायगर आणि मार्सडेन यांचा निबंध त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसिडिंग्ज’मध्ये छापून आला. त्या निरीक्षणाचा अर्थ लावायला रुदरफर्डना पुढची दोनेक वर्षं लागली. १९११ साली त्यांनी केंद्रक असलेला अणू मांडला.

मँचेस्टरकडे होतं तरी काय? रेडियम होतं, व्हिएन्नाच्या अकादमीनं उसनं दिलेलं. ‘आमच्याकडे कुठे आहे?’ म्हणणाऱ्यांना एवढं पुरे. पण पडदा, सूक्ष्मदर्शक आणि पत्रा यांत राजेशाही काहीच नव्हतं. मोठी गोष्ट ही, की अल्फा कणांच्या विखुरण्यावर गायगर त्याच प्रयोगशाळेत काम करत होता. मुलासाठी ‘प्रोजेक्ट’ शोधायची वेळच आली नाही. चालू कामाचाच एक तुकडा त्याच्या हाती दिला. आणि उत्तर प्रश्न देणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

आता आपलं टी.वाय.चं प्रॅक्टिकल. न्यूटन्स रिंग्जला बसणाऱ्या मुलाला सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी, ५८९३ अँगस्ट्रॉम, प्रयोगशाळेत शिरण्याआधीच पाठ असते. रीडिंग तिच्यापासून लांब गेलं तर भिंग कोणी पुसत नाही, बॅक कॅल्क्युलेशन करतात. अडलंच तर मागच्या बॅचचं जर्नल असतंच. या स्तंभाचं जर्नलशी जुनं वैर आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात भौतिकशास्त्राचं जेवढं वाटोळं जर्नल सर्टिफाय करणाऱ्या सहीनं केलं, तेवढं कोणत्याही अभ्यासक्रमानं केलेलं नाही. याला आकडेवारी नाही. एक्सटर्नल म्हणून जाऊन आलेल्या कोणालाही विचारावं. मार्सडेन इकडे असता तर आठ हजारांतला तो एक कण ‘ऑब्झर्वेशनल एरर’ म्हणून खोडला गेला असता आणि जर्नल वेळेत सर्टिफाय झालं असतं.

तीन वर्षं अशी काढलेल्या मुलाला सातव्या सत्रात म्हणायचं, कर संशोधन.

पुण्यात पाषाणला आयसर २००६पासून आहे. तिथल्या बीएस-एमएसच्या विद्यार्थ्याचं पाचवं वर्ष प्रबंधाचं असतं. ‘तिथे मुलंच हुशार असतात’ हे ठरलेलं उत्तर. असतीलही, पण त्यांच्याकडे मोकळा वेळ असतो आणि मार्गदर्शकाकडे चालू काम. इकडे चौथ्या वर्षाच्या ४० श्रेयांकांपैकी २८ पुन्हा तासिका, प्रात्यक्षिकं आणि परीक्षांकडे जातात.

पैसा नाही ही सबब सगळीकडे चालणारी नाही. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची आणि ॲस्ट्रोसॅट या उपग्रहाची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. त्यांत कोणी नीट न तपासलेलं पुष्कळ पडलं आहे, आणि सुरुवातीला बऱ्यापैकी संगणकावर भागतं. ही निरीक्षणं वाचायला शिकवणारा माणूस तेवढा हवा. अशी माणसं असलेल्या आयुका आणि एनसीआरए या दोन्ही संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहेत. आयुका तर यूजीसीनं १९८८ साली विद्यापीठांसाठीच उभी केली. मात्र वर्कलोडचा तक्ता भरता भरता सत्र संपवणाऱ्या प्राध्यापकाला तिथवर जायला सवड कोण देणार, हे त्या पत्रकात नाही.

म्हणून चौथ्या वर्षाचा अर्ज भरण्याआधी मुलांनी मार्गदर्शकाचं नाव लेखी मागावं आणि त्यांनी अलीकडे काय प्रसिद्ध केलं ते वाचायला मागावं. पालकांनी यात लाजू नये. नाव मिळालं नाही, तर तीन वर्षांची पदवी घेऊन सरळ दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जावं. चार अधिक एक काय आणि तीन अधिक दोन काय, एम.एस्सी. पाचव्याच वर्षी हातात पडते.