झिणझिण्या येतात, तरी गीझर चालूच?

थंडी सुरू झाली की आमच्या जयसिंगपुरात एक वाक्य हमखास कानावर पडते : 'नळाला हात लावला की जरा झिणझिण्या येतात, बाकी गीझर चांगला आहे.' ओळखीतल्या एका भाडेकरू कुटुंबाने हीच तक्रार घरमालकांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांना सांगण्यात आले, 'पायात रबरी स्लीपर घालून अंघोळ करा.' हे उत्तर ऐकून मी हादरलो. घरात दोन लहान मुले आहेत.

ज्याच्या नळाला झिणझिण्या येतात, तो गीझर चांगला नाही. आतल्या कॉईलमधून वीज पाण्यात किंवा टाकीच्या पत्र्यात उतरते आहे आणि तिला जमिनीत जायला धड वाट नाही, एवढाच त्याचा अर्थ. माणसाने नळ धरला की ती वाट त्याच्या शरीरातून तयार होते. आज हात कोरडा होता म्हणून झिणझिण्यांवर भागले. उद्या अंग साबणाने ओले असेल.

ही वाट का नसते, तेही पाहायला हवे. गावातल्या जुन्या घरांत अर्थिंगची तार सरळ नळाच्या लोखंडी पाइपला बांधायची पद्धत होती. पाइप जमिनीतून जात असे, त्यामुळे ते कसेबसे चालून गेले. मधल्या काळात बहुतेकांनी प्लंबिंग बदलून प्लास्टिकचे पाइप घातले. तार मात्र तुटक्या पाइपच्या तुकड्याला तशीच बांधलेली राहिली. बोर्डात तीन भोकांचा प्लग दिसतो, मालक निर्धास्त असतो, आणि तिसऱ्या भोकाच्या मागे काहीही नसते. नवीन घरांची वेगळी रड. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमीन किती आहे हे शेतकऱ्यांना सांगायला नको. अशा जमिनीत पुरलेली लोखंडी पट्टी गंजून जाते आणि ते कुणाला दिसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तालुक्यातल्या ज्या घरांत पाणी शिरले, तिथे टीव्ही-फ्रिज बदलले गेले. अर्थिंग किती जणांनी तपासून घेतले?

याहून वाईट प्रकार म्हणजे 'न्यूट्रलवरून अर्थिंग'. खड्डा खणायचा खर्च नको म्हणून बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये वायरचा एक तुकडा जोडून देतात. वायरमनने टेस्ट लॅम्प लावला तर तो झकास पेटतो आणि सगळ्यांचे समाधान होते. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली, की चालू गीझरच्या पत्र्यावर आणि नळावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. म्हणून नुसत्या दिव्यावर विश्वास न ठेवता बोर्ड उघडून दाखवायला सांगा. तो तुकडा डोळ्यांनी दिसतो.

'आमच्याकडे एमसीबी आहे' असे काही जण अभिमानाने सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणूस वाचावा म्हणून नव्हे. १६ अँपिअरच्या एमसीबीला हलवायला १६ हजार मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह लागतो. माणसाचा जीव घ्यायला त्याचा अगदी छोटा अंश पुरतो. जीव वाचवणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ती सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात वीज तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही अशा संरक्षणाची तरतूद आहे. यावर नेहमीचा आक्षेप असा, की 'ती सारखी पडते, म्हणून काढून टाकली.' अहो, ती पडते याचा अर्थ घरात कुठेतरी गळती आहे आणि ती आपले काम करते आहे. गळती शोधायची सोडून तीच काढून टाकायची, हा कुठला न्याय? तिच्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहिले पाहिजे, हेही कोणी सांगत नाही.

आमच्या भागात पिढ्यानपिढ्या अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापले. चिपाडे, शेंगांची टरफले, जे हाताशी असेल ते त्यात जायचे. त्याचा जाळ आणि धूर दिसायचा, पोरे आपोआप लांब राहायची. गीझरचा धोका दिसत नाही, म्हणून तो बसवणाऱ्या माणसाची जबाबदारी मोठी. प्रत्यक्षात होते काय? दुकानातून आलेला माणूस भिंतीला गीझर टांगतो, पाइप जोडतो आणि जवळ जो प्लग असेल त्यात पिन खुपसतो. दोन किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा १३. दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअरच्या प्लगला तो झेपत नाही. प्लग पिवळा पडतो, मग जळका वास येतो. गीझरला मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर हवी, १६ अँपिअरचा प्लग हवा, आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच बाथरूमच्या बाहेर हवा. साधा स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असेल, तर तो बंद करूनही आत वीज असतेच.

सेफ्टी व्हॉल्व्हचे हाल तर बघवत नाहीत. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की साधारण पाव लिटरने फुगते. ते वाढलेले पाणी मागे छतावरच्या टाकीकडे जाऊ शकले नाही, तर व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडते. लोकांना वाटते गळतो आहे, आणि तोंडाला बूच ठोकून मोकळे होतात. मग थर्मोस्टॅट बिघडला तर वाफेचा दाब जाणार कुठे? थेंब पडत असतील तर बारीक नळी लावून मोरीत सोडा, पण ते तोंड बंद करू नका. आणि एवढे पाणी तापायला दोन किलोवॅटच्या गीझरला वीस-एकवीस मिनिटे पुरतात. सकाळपासून दुपारपर्यंत तो चालू ठेवण्यात कसलाच फायदा नाही.

अंघोळीआधी बटण बंद करा, हा सल्ला बरोबरच आहे आणि घरोघरी पाळला जावा. पण सहा वर्षांच्या मुलाच्या किंवा ऐंशी वर्षांच्या आजीच्या लक्षात राहण्यावर कुणाचा जीव अवलंबून ठेवता येत नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. गीझर विकणाऱ्या दुकानदारांनी परवानाधारक वायरमनने अर्थिंग तपासल्याशिवाय तो चालू करून देऊ नये. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी आरसीसीबी बसवावी. दीड-दोन हजारांच्या खर्चाकडे पाहून भाडेकरूच्या जिवाशी खेळू नये. नवीन वीजजोडणीसाठी ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, तो घरी जाऊन मोजमाप करूनच दिलेला असावा, यावर महावितरणने लक्ष ठेवावे. नगरपरिषदेने भोगवटा प्रमाणपत्र देताना अर्थिंग आणि आरसीसीबीची खात्री करून घ्यावी. आणि ज्यांच्या नळाला आज झिणझिण्या येत आहेत, त्यांनी हे पत्र वाचून झाल्यावर गीझरचा प्लग काढावा आणि वायरमन येऊन जाईपर्यंत पाणी गॅसच्या शेगडीवर तापवावे.

आपला,
एक वाचक, जयसिंगपूर (ता. शिरोळ)